नाशिकच्या अंगणासाठी कमी कटकटीचं लॉन: गवत कसं निवडायचं आणि कसं लावायचं

मखमलाबाद रोडला कोपऱ्यातलं रो-हाऊस घेतलं तेव्हा पुढची आणि बाजूची मिळून साधारण 500 चौरस फूट मोकळी जागा हाती आली. वास्तुशांत नोव्हेंबरच्या शेवटी होती. पाहुणे यायच्या आत अंगण हिरवं दिसावं म्हणून एका नर्सरीतून मऊ, मखमली दिसणारं गवताचं कार्पेट (मुळं-मातीसकट मिळणारे तयार तुकडे) उचललं आणि दोन दिवसांत अंथरून घेतलं. फोटो झकास आले. डिसेंबरात ते पिवळं पडलं, फेब्रुवारीत त्यातून लव्हाळा वर आला, आणि एप्रिलमध्ये गवतासाठी टँकर मागवायचा का, यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. मे संपता संपता तिथे उघडी माती होती आणि त्या मातीत ठिकठिकाणी हरळी मजेत पसरली होती. ती मी लावलेलीच नव्हती.

निफाडचे मामा द्राक्षबागायतदार. त्यांनी चपलेच्या टोकाने ती हरळी जरा उकरून पाहिली आणि म्हणाले, "बांधावरची ही काढायला मी दर साली मजूर लावतो. अन् तू पैसे देऊन आणलं होतं ते काय होतं मग?"

तेव्हापासून अंगण दोनदा उकरून पुन्हा लावलं, शेजारच्या तीन-चार घरांना लावून दिलं. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितो. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. "कमी मेहनतीचं गवत" म्हणून एकच एक जात नसते. तुमच्या अंगणात ऊन किती, मे महिन्यात पाणी किती आणि गवत कापणार कोण, या तिन्हींची उत्तरं कागदावर आली की जात जवळजवळ आपोआप ठरते. बहुतेक लोक (मीही) उलटं करतात. आधी नर्सरीत हिरवंगार काहीतरी आवडतं, मग अंगणाला त्याच्या जोगं व्हायला लावतात.

पहिलं काम: ऊन मोजा, पण फक्त उन्हाळ्यातलं नको

सकाळी 8, 11, दुपारी 2 आणि संध्याकाळी 5, अशा चार वेळा अंगणात जा आणि सावलीची कड जिथे असेल तिथे रांगोळीची रेघ ओढा. प्रत्येक वेळी गच्चीवरून मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. दिवसाअखेर चार फोटो समोर ठेवले की कोणत्या तुकड्याला किती तास ऊन मिळतं ते स्पष्ट दिसतं.

इथे एक गंमत आहे, आणि तिनेच माझ्या शेजाऱ्यांना फसवलं. नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत घराच्या उत्तरेकडचं अंगणही लख्ख उन्हात असतं. तोच सूर्य डिसेंबरात दुपारी बारालाही दक्षिणेकडे इतका कललेला असतो की घराची सावली उत्तरेला जवळपास घराच्या उंचीएवढी लांब पडते. दोन मजली घर 22 फूट उंच असेल तर उत्तरेकडचा सुमारे 20 फुटांचा पट्टा त्या दिवसांत दुपारीसुद्धा सावलीतच राहतो. म्हणजे घर दक्षिणेला आणि अंगण उत्तरेला असेल, तर मेमध्ये घेतलेलं माप हिवाळ्यात खोटं ठरतं. डिसेंबरपर्यंत थांबायला जमत नसेल तर मोबाइलमधल्या होकायंत्रावर उत्तर दिशा बघा, घराची उंची अंदाजे मोजा आणि तेवढा पट्टा कागदावर "सावली" म्हणून आखून टाका.

रोज सहा तासांहून जास्त ऊन असेल तर हवी ती उन्हाळी, म्हणजे उष्ण हवेत वाढणारी, जात चालते. तीन ते पाच तास असेल तर पर्याय निम्मे होतात. तीन तासांहूनही कमी असेल, विशेषतः आंब्याच्या किंवा अशोकाच्या झाडाखाली, तर गवताचा नाद सोडा. तिथलं काय करायचं ते पुढे सांगतो.

दुसरं काम: पाणी मे महिन्याचं मोजा

पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं. नाशिक शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने गवताला तुम्ही पाणी घालायचं. (घर त्र्यंबक रोडने बरंच पश्चिमेला असेल तर गणित वेगळं. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे पाऊस 2000 मिलिमीटरच्या पुढे जातो. तिथे पाण्याच्या टंचाईपेक्षा साचलेल्या पाण्याने गवत सडण्याची भीती जास्त.)

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. 500 चौरस फूट म्हणजे 46 चौरस मीटर. एप्रिल-मेमध्ये हरळीसारखं चिवट गवत हिरवं ठेवायला चौरस मीटरमागे दिवसाला साधारण 4 ते 5 लिटर लागतात. म्हणजे रोजचे सुमारे 200 लिटर. ते रोज शिंपडायचं नाही, तर तिसऱ्या दिवशी एकदम 600 लिटर, खोलवर. पाईपखाली 15 लिटरची बादली लावा आणि भरायला किती वेळ लागतो ते बघा. एक मिनिट लागला तर 600 लिटरला 40 मिनिटं. आता स्वतःलाच विचारा, मे महिन्यात, कॉर्पोरेशनचं पाणी कमी दाबाने येत असताना, हे जमणार आहे का?

जमणार नसेल तर दोनच वाटा आहेत. एक, लॉनची जागा कमी करा. दोन, गवत उन्हाळ्यात तपकिरी पडलं तरी चालेल असं घरात आधीच ठरवून घ्या. हरळीला ही सवलत मिळते. ती सुकल्यासारखी दिसते, पण जमिनीखालच्या कांड्या जिवंत असतात आणि वळवाच्या दोन सरींनी पुन्हा फुटते. मऊ मखमली जातींना इतकं सोसत नाही.

पाण्याची जातही महत्त्वाची. बोअरचं पाणी असेल आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर पाण्याचा नमुना मातीबरोबर तपासून घ्या. प्रयोगशाळा शोधायला अडचण पडणार नाही. नाशिकमध्ये प्रत्येकाच्या ओळखीत एखादा द्राक्षवाला असतोच, आणि द्राक्षवाल्याला माती, पाणी, पानदेठ कुठे तपासून मिळतं हे तोंडपाठ असतं. अहवालात सामू (pH), क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे बघा. आणि स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनचं फेकलं जाणारं पाणी सगळं लॉनवर सोडायचं पुण्य करू नका. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा.

तिसरं: कापणार कोण?

हे ठरवताना प्रामाणिक राहा. "रविवारी मी कापेन" हे वाक्य जुलैतल्या पहिल्या दोन रविवारांपुरतं टिकतं. माळीकाका महिन्यातून दोनदा येणार असतील तर पंधरा दिवसांत वीतभर वाढणारं गवत नको.

आता जाती

*हरळी.* जिला आपण दूर्वा म्हणतो तीच. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, नर्सरीत "बर्म्युडा". आपल्याच मातीतली, कडक ऊन सोसणारी, पायदळी तुडवली तरी आठ-पंधरा दिवसांत सावरणारी. जमिनीवरून धावणारी खोडं आणि जमिनीखालच्या कांड्या, दोन्हींनी पसरते. तिची खोड एकच, सावली चालत नाही. सहा तास ऊन नसेल तर ती लांबुळकी, विरळ होते आणि तळाची माती दिसू लागते. साधी हरळी बियाण्यानेही येते. बारीक पात्याच्या निवडक किंवा संकरित जाती मात्र तुकड्यांनीच लावाव्या लागतात. जास्त खत घातलं तर ती वेड्यासारखी वाढते आणि मग लोक म्हणतात, हरळीला फार कापावं लागतं. खरं तर तिला नाही, तुमच्या युरियाला कापावं लागतं.

*सिलेक्शन वन.* आपल्याकडे सर्वांत जास्त विकलं जाणारं नाव हेच असेल. बारीक पात्याचं, दाट, हरळीच्याच कुळातलं म्हणून ओळखलं जातं. पण हे बाजारातलं नाव आहे, आणि एकाच नावाखाली दोन नर्सऱ्यांत दोन वेगळी गवतं मी स्वतः पाहिली आहेत. म्हणून नावावर जाऊ नका. पातं हातात घ्या, आणि लावून दोन उन्हाळे झालेलं अंगण दाखवा असं नर्सरीवाल्याला सांगा. दाखवायला तयार झाला तर निम्मं काम झालं.

*झोयशिया.* "कोरियन", "मनिला", "मेक्सिकन" अशा नावांनी मिळणाऱ्या बहुतेक दाट, कुरकुरीत गवतांचं कूळ हे. याचा मोठा गुण म्हणजे सावकाश वाढ, त्यामुळे कापणी हरळीच्या निम्म्याहून कमी. चार-पाच तासांच्या उन्हातही तग धरतं. पण सावकाशपणा दोन्हीकडून लागू होतो. विरळ लावलं तर जागा भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि मुलांनी क्रिकेट खेळून एक टप्पा उघडा पाडला की तो भरून यायलाही तेवढाच वेळ. शिवाय पात्यांखाली सुक्या काड्यांची गादी साठते. पाणी त्या गादीतच अडकतं, मुळांपर्यंत जात नाही. अगदी सुईसारख्या बारीक पात्याच्या झोयशियाला कापलंच नाही तर उशांसारखे उंचवटे येतात. काहींना ते आवडतात. माझ्या बायकोला आवडले नाहीत.

*रुंद पात्याचं गवत,* ज्याला नर्सरीवाले "बफेलो" किंवा "शेड ग्रास" म्हणतात. बोटभर रुंद, मऊ, हलक्या सावलीत चांगलं येणारं. कापणी कमी. पण त्याला ओलावा सतत लागतो, आणि नाशिकच्या मेमध्ये पाण्याचा एक खाडा झाला तरी त्याच्या कडा जळतात. उत्तरेकडच्या अरुंद पट्ट्यासाठी किंवा कंपाउंड वॉलच्या आडोशाला ठीक. पूर्ण अंगणभर नको.

*पास्पालम.* खारं पाणी सोसण्यासाठी प्रसिद्ध, गोल्फ कोर्सवर वापरतात. बोअरच्या अहवालात क्षारता खूपच जास्त आली आणि दुसरं पाणी नसेल, तरच याच्या शोधात जा.

*ऑनलाइन मिळणारी विलायती बियाणी.* पाकिटावर केंटकी ब्लू, फेस्क्यू किंवा राय लिहिलेलं असतं. ही थंड हवेची गवतं. डिसेंबरात पेरली तर इतकी सुंदर येतात की आपण शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो. एप्रिलमध्ये पारा 40 च्या आसपास गेला की संपतात. पैसे वाचवा.

*गवत नसलेले पर्याय.* रतोलिया म्हणजे जलपिंपळी. ओढ्याकाठी, कालव्याच्या कडेला आपोआप पसरलेली दिसते. जमिनीलगत वाढते, कापणी जवळपास नाही. फुलांवर मधमाश्या येतात, त्यामुळे लहान मुलं अनवाणी खेळत असतील तिथे लावू नका. झाडाखालच्या गडद सावलीला बुटका मोंडो (गवतासारख्या पानांचं सावलीतलं रोप) लावा किंवा पालापाचोळ्याचा थर आणि चार शहाबादी फरशा. तीही बाग दिसते.

माझं मत विचाराल तर नाशिकमधल्या उघड्या, उन्हाच्या अंगणाला बारीक पात्याची हरळी. अर्धवट सावली आणि मुलांची धावपळ कमी असेल तर झोयशिया. एकाच अंगणात दोन्ही लावायला हरकत नाही, पण मध्ये विटांची किंवा दगडाची कड हवी, नाहीतर हरळी दोन वर्षांत झोयशियात घुसते.

जमीन तयार करणं: इथे घाई केली की सगळं फुकट

नव्या घराच्या अंगणात माती नसते, बिल्डरचा राडारोडा असतो. माझ्या अंगणात कुदळ मारली तेव्हा टाईल्सचे तुकडे, सिमेंटची गोणी आणि एक अख्खी थापी निघाली. निदान 9 इंच खोल खणून हे सगळं बाहेर काढा. भिंतीलगत सिमेंट-चुन्याचा थर राहिला तर त्या कडेचं गवत कायम पिवळं राहतं.

खालचा मुरूम असू द्या, पाणी निचरायला तो चांगला. वरचा 6 ते 8 इंचांचा थर पोयट्याचा हवा. नुसती काळी माती आणून टाकू नका. ती पावसाळ्यात चिखल धरते आणि मार्चनंतर भेगाळते. त्या भेगांत पातळ मुळं तुटतात. काळीच माती असेल तर तिच्यात साधारण निम्मी भरड वाळू किंवा धुतलेली क्रश सँड आणि कुजलेलं शेणखत मिसळा. न धुतलेल्या क्रश सँडमधली पावडर नंतर सिमेंटसारखी घट्ट बसते.

शेणखताबद्दल एक सूचना. मूठभर हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, मातीचा वास आला तर चालेल. कच्च्या खतातून लव्हाळ्याच्या गाठी आणि हुमणीच्या अळ्या फुकट मिळतात. हुमणी म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी. ती मुळं खाते आणि एक दिवस गवत चटईसारखं उचलून हातात येतं.

उतार घराकडून गेटकडे, दर 10 फुटांना दीड ते दोन इंच. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल घेतात तशी घ्या. नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवाल तर पहिल्याच मोठ्या पावसात डबकं कुठे होतं ते कळेल. घराच्या भिंतीपासून दीड-दोन फूट लॉन लावूच नका. तिथे खडी किंवा फरशी ठेवा. भिंतीला ओल येत नाही आणि कापायचं काम कमी होतं.

मग लव्हाळा. गवत लावण्याआधी तयार मातीला तीन आठवडे नुसतं पाणी द्या. तण उगवू द्या. उगवलं की खुरप्याने खोलवर, गाठीसकट काढा. वरची काडी उपटली तर खालची गाठ पुन्हा फुटते, आणि शेजारी आणखी गाठी धरते. पुन्हा पाणी, पुन्हा तण, पुन्हा खुरपं. निदान दोन फेऱ्या. एप्रिल-मेमध्ये हे काम करत असाल तर माती ओली करून वर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरा, कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. नाशिकचा उन्हाळा फुकटात माती भाजून देतो. बरंचसं तणाचं बी त्यात मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी सगळ्या मरत नाहीत, पण ताप कमी होतो.

खरेदी: नर्सरीत पाच मिनिटं उकिडवं बसा

कार्पेटचा तुकडा उलटा करा. मुळं पांढरी आणि माती धरून ठेवणारी हवीत. मागचा थर चिकट काळ्या मातीचा जाड लगदा असेल आणि तुमच्या अंगणात वाळूमिश्रित माती असेल, तर त्या दोन थरांच्या मध्ये पाणी अडतं आणि मुळं खाली उतरत नाहीत. पहिल्या वेळी माझं तेच झालं होतं. एप्रिलमध्ये तुकडा उचलला तर मुळं त्याच लगद्यात गोल फिरलेली, खालच्या मातीला स्पर्शही नाही.

मग तुकड्यातल्या संशयास्पद काड्या दोन बोटांत धरून फिरवा. गवताची काडी गोल किंवा चपटी असते. लव्हाळ्याची तीन धारांची, बोटांत ती टक्-टक् करत अडखळते. एका तुकड्यात अशा तीन-चार मिळाल्या तर तो माल सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी.

लावणी

वेळ म्हणाल तर मृगाचा पाऊस नीट सुरू झाल्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. हवेत ओलावा असतो, ऊब असते, पाणी घालायचं काम पाऊस करतो. दुसरी संधी फेब्रुवारीच्या मध्यानंतर, पण मग मेचं पाणी तुमच्या हातात हवं. नोव्हेंबर ते जानेवारी अजिबात नको. निफाडकडे पारा 5 अंशांच्या खाली घसरतो तेव्हा शहरातही गारठा असतो आणि उन्हाळी गवताची वाढ जवळपास थांबते. नवी मुळं धरतच नाहीत.

खिसा सांभाळायचा असेल तर पूर्ण कार्पेट अंथरू नका, टोकणी करा. कार्पेटचा तुकडा हाताने फाडून तीन-चार मुळ्या असलेले पुंजके करा आणि 3-4 इंचांवर बोटाने भोक पाडून लावा. एक चौरस फूट कार्पेटमधून आठ-दहा चौरस फूट जागा होते. हरळी अडीच-तीन महिन्यांत भरून येते. झोयशिया 2 इंचांवर लावा, नाहीतर धीर संपेल. पुंजके उन्हात पडू देऊ नका, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. आधी माती ओली करा, लावून झालं की पायाने किंवा हलक्या रोलरने दाबा. जड पाऊस लगेच अपेक्षित असेल तर थांबा. माझ्या शेजाऱ्यांचे पुंजके एका रात्रीत गेटबाहेरच्या गटारात गेले होते.

पहिले पंधरा दिवस वरचा इंचभर थर सुकू द्यायचा नाही. पाऊस नसेल तर झारीने दिवसातून दोनदा हलकं पाणी. तिसऱ्या आठवड्यापासून दिवसाआड, जास्त वेळ. दीड-दोन महिन्यांनी आठवड्यातून दोनदा, खोल. रोज थोडं थोडं पाणी दिलं की मुळं वरच्या दोन इंचांतच राहतात आणि मेमध्ये गवत सगळ्यात आधी झोपतं. पाणी खोल गेलं का हे बघायला जुना स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसा. 4-5 इंच सहज गेला तर पुरे.

नंतरची निगा

उंची हरळीची दीड इंच, झोयशियाची दीड ते दोन, रुंद पात्याची अडीच ते तीन. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. गणपतीसाठी पाहुणे येणार म्हणून अगदी तासून काढलेलं लॉन दुसऱ्या दिवशी पिवळ्या काड्यांचा ढीग दिसतं. पावसाळ्यात हरळी आठ-दहा दिवसांनी, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, हिवाळ्यात महिन्याने. 500 फुटांपर्यंत हाताने ढकलायचं यंत्र पुरतं. मात्र पातं पावसाळ्याआधी धार लावून घ्या. बोथट पात्याने टोकं फाटतात आणि दोन दिवसांत पांढुरकी दिसतात.

खत कमी. 500 चौरस फुटांना पाव किलो युरिया, एकदा जूनच्या अखेरीस आणि एकदा सप्टेंबरात. कोरड्या पात्यांवर टाकून लगेच पाणी. त्यापलीकडे टाकलंत की कापायला तयार राहा.

युरिया देऊनही गवत पिवळंच राहिलं, विशेषतः बोअरच्या पाण्यावर आणि चुनखडीच्या मातीत, तर कमी पडतंय ते लोह. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवारा. आठवड्याभरात फरक दिसतो. फवारताना पोर्चची फरशी ओल्या गोणपाटाने झाका आणि उडालेले थेंब लगेच धुऊन टाका. मी झाकली नाही. पांढऱ्या फरशीवर गंजाचे ठिपके तीन वर्षं झाली तरी आहेत आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्याबद्दल विचारतो.

पहिल्या वळवानंतर संध्याकाळी अंगणातल्या दिव्याखाली किंवा कडुनिंबाच्या झाडावर तपकिरी भुंगेरे दिसले तर ते हुमणीचे. ते जमिनीत अंडी घालायच्या आधी वेचून साबणाच्या पाण्यात टाका. जूनमध्ये निंबोळी पेंड आणि मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) मातीत मिसळलं तर पुढचा त्रास कमी होतो. दूर्वा काढायच्या असतील त्या अंगणात जहाल औषध मारायला तसंही मन धजत नाही.

झोयशिया असेल तर वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या अखेरीस, दाताळ्याने खरवडून खालच्या सुक्या काड्या काढा आणि वर चाळलेली माती, वाळू आणि शेणखत यांचा अर्धा इंच थर पसरवा. हरळीला हे दोन-तीन वर्षांतून एकदा पुरतं.

डिसेंबर-जानेवारीत लॉन फिकट, तपकिरी पडेल. ते मेलेलं नसतं. दोन बोटांनी कांडी मोडून बघा, आत पांढरट-हिरवी आणि ओली असेल तर ती झोपली आहे. अशा वेळी युरिया आणि जास्त पाणी देऊन तिला उठवायचा प्रयत्न बुरशीला आमंत्रण ठरतो. संक्रांत होऊ द्या, महाशिवरात्रीच्या आसपास ती स्वतःच फुटते.

एक कोपरा मात्र कापायचा नाही, असं आमच्या घरात ठरलं आहे. बागेच्या नळामागची दोन फूट जागा. यंत्राखालून गेलेल्या हरळीला तीन पात्यांच्या धड दूर्वा येत नाहीत, आणि आईला लॉनमधल्या दूर्वा चालत नाहीत. त्या नळामागच्या चालतात. भाद्रपदात 21 जुड्या तिथूनच निघतात, आणि उरलेल्या शेजारी मागायला येतात.